टांकसाळीतली चूक की नंतरचे नुकसान? विचित्र नाणे तपासण्याची पद्धत

सुट्या पैशांत एखादे नाणे वेगळे दिसते. अक्षर दुहेरी असते, किनार गायब असते किंवा एकच बाजू तांबूस असते. नवख्या संग्राहकाच्या तोंडी लगेच प्रश्न येतो, "याचे किती मिळतील?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी विचारायचे ते असे: टांकसाळीतल्या कोणत्या टप्प्यावर हे घडू शकते? तो टप्पा बोट ठेवून दाखवता आला नाही, तर नाणे कितीही विचित्र दिसो, ते नंतर मार खाल्लेले नाणे धरायचे. दिसायला जितके भयंकर तितके ते नुकसान असण्याची शक्यता जास्त, कारण टांकसाळीच्या यंत्रांना ठरावीकच चुका करता येतात. हातोडी, पक्कड, आम्ल आणि रस्त्यावरची चाके यांना असे कुठलेच बंधन नसते.

1. साहित्य आणि कागद आधी जमवा

- 10 पट मोठे दाखवणारे भिंग. सुरुवातीला याहून मोठे नको. 60 पट किंवा 200 पट सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक नाणे चुकांनी भरलेले दिसते.
- 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि तो तपासायला एक प्रमाणित वजन.
- 0.01 मिलिमीटरचा डिजिटल कॅलिपर. त्याचे जबडे नाण्यावर घासू नका, हलकेच टेकवा.
- छोटे पण जोरदार चुंबक.
- हवा तसा फिरवता येणारा एकच दिवा. छतावरचे दिवे बंद ठेवा.
- त्याच प्रकारचे, शक्यतो त्याच वर्षाचे, एक साधे नाणे. यादीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू हीच.
- त्या वर्षीच्या नाण्याचा अधिकृत तपशील: धातू, वजन, व्यास, जाडी, कडेचा प्रकार आणि दोन्ही बाजूंची परस्पर दिशा. हा तपशील वर्षानुसार बदलतो. अमेरिकेचा एक सेंट 1982 मध्ये तांब्याच्या मिश्रधातूवरून तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्तावर गेला आणि वजन 3.11 ग्रॅमवरून 2.50 ग्रॅम झाले. त्या एका वर्षी दोन्ही प्रकार निघाले. हे ठाऊक नसेल तर 1982 चे हलके नाणे उगाच चूक वाटते.

तपासणी संपेपर्यंत नाणे पुसू नका, घासू नका, उजळवू नका. डिंक किंवा चिकटपट्टीचा थर असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून, न घासता, तसेच सुकू द्या. भांडे काचेचे घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

2. नाणे कसे बनते ते पक्के करा

धातूच्या लांब पट्टीतून पंचाने गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात आणि एका यंत्रातून फिरवून त्यांची किनार थोडी उचलून घेतात. मग चकती प्रेसमध्ये जाते. तिथे वर एक डाय, म्हणजे उलटी आकृती कोरलेला पोलादी साचा, खाली दुसरी डाय आणि भोवती कॉलर नावाचे पोलादी कडे असते. एका ठोक्यात दोन्ही बाजूंचे छाप उमटतात आणि कॉलर धातूला बाहेर पसरू देत नाही. दातेरी कड असेल तर बहुधा ते दातेही कॉलरमुळेच येतात. मग नाणे बाहेर फेकले जाते.

त्यामुळे खऱ्या चुकांची घरे तीनच: चकतीची चूक, डायची चूक आणि ठोक्याची चूक. प्रत्येक संशयित नाणे यांपैकी एका घरात बसले पाहिजे.

दोन गोष्टी कायम ध्यानात ठेवा. डायवर जे खोल असते ते नाण्यावर उंच येते, म्हणजे डायला गेलेला तडा नाण्यावर उठलेली रेघ होतो. दुसरी गोष्ट, प्रेस धातू दाबते आणि सरकवते, खरवडून काढत नाही. नाण्यातून धातू कमी झालेला असेल तर तो चकती बनतानाच कमी असायला हवा, नाहीतर टांकसाळीबाहेर कोणीतरी काढला.

या पुढे दोन शब्द नेमके वापरले आहेत: बाजूंवरची गोल उठावदार कडा ती किनार, आणि नाणे उभे केले की जमिनीला टेकते ती कड.

3. वजन, व्यास, चुंबक

आधी प्रमाणित वजन ठेवून काटा तपासा. मग नाण्याचे तीनदा वजन करा. व्यास निदान तीन दिशांनी मोजा. टांकसाळींना थोडीफार तफावत मान्य असते. 3.11 ग्रॅमच्या सेंटला अधिक-उणे 0.13 ग्रॅमची सूट होती. तेव्हा 3.04 ग्रॅम भरले म्हणून हुरळून जाऊ नका.

वजनाने काय निकाली निघते याचे चांगले उदाहरण म्हणजे अमेरिकेचा पाव डॉलर. 1965 पासून त्यात तांब्याच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंना तांबे-निकेलचा थर असतो आणि वजन 5.67 ग्रॅम असते. प्रत्येक थर जाडीच्या सुमारे एक षष्ठांश असतो. एका बाजूचा थर खरोखर नसेल तर नाणे साधारण 4.7 ग्रॅमच्या आसपास भरेल. तांबूस दिसणारे नाणे 5.6 ग्रॅम भरले, तर थर जागेवरच आहे आणि रंग मातीने, उष्णतेने किंवा रसायनाने आला आहे. चुकांच्या नावाखाली दाखवल्या जाणाऱ्या लाल पाव डॉलरांपैकी बहुतेक इथेच गळतात.

चुंबकाचे प्रसिद्ध उदाहरण 1943 चा सेंट. त्या वर्षी युद्धासाठी तांबे वाचवायला हे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढले. चुकून जुन्या तांब्याच्या मिश्रधातूच्या चकत्यांवर छापलेली मोजकी नाणी अतिशय दुर्मीळ आहेत. म्हणून पोलादी नाण्यावर तांब्याचा मुलामा चढवून विकणारे पुष्कळ. चुंबकाला चिकटले की विषय संपला. चिकटले नाही तर लगेच आनंद नको. 1948 च्या तांब्याच्या सेंटवरचा 8 खरवडून 3 करण्याची युक्ती जुनी आहे, तेव्हा शेवटचा आकडा भिंगाखाली बघा.

वजनाने काय निकाली निघत नाही तेही लक्षात ठेवा. हातोडीने ठोकून पसरवलेल्या नाण्याचे वजन पूर्ण भरते, आणि कॉलरशिवाय ठोकल्या गेलेल्या खऱ्या नाण्याचेही. दोन्हींचा व्यास वाढलेला असतो. तिथे अक्षरे पाहावी लागतात, ते पुढे येते.

4. उंच आहे की खोल?

दिवा एका बाजूला, टेबलापासून थोडाच उंच ठेवा, म्हणजे तिरपा प्रकाश पडेल. मग नाणे हळूहळू पूर्ण गोल फिरवा. फोटोत किंवा एकाच कोनातून पाहताना डोळा हमखास फसतो. प्रकाश खालून आला की उंच रेघ खोल दिसते आणि खोल ओरखडा उठलेला. नाणे फिरवून सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहिल्याशिवाय उंच-खोल ठरवू नका.

रेघ उंच असेल, नागमोडी असेल, सपाट भागातून अक्षरावर चढून पलीकडे जात असेल, तर तो डायचा तडा. डायचा किनारीजवळचा तुकडाच तुटला असेल तर नाण्यावर त्या जागी किनारीला चिकटून गुळगुळीत, विनाआकृतीचा फुगवटा येतो. संग्राहक त्याला इंग्रजीत 'कड्' (cud) म्हणतात. वर सांगितलेल्या नाण्याच्या कडेशी या शब्दाचा संबंध नाही.

रेघ खोल असेल आणि तिच्या दोन्ही काठांना बाजूला सारलेल्या धातूचा बारीक वरंबा असेल, तर तो ओरखडा. ओरखडा आकृतीच्या सर्वांत उंच भागावर ठळक असतो आणि सपाट भागात कधी कधी उडी मारतो, कारण टोकदार वस्तू आधी उंचवट्यालाच लागते.

'उंच म्हणजे डायवरचे' या कसोटीची ताकद 1937 च्या अमेरिकन बफेलो निकेलवर, म्हणजे बायसनचे चित्र असलेल्या 5 सेंटच्या नाण्यावर, दिसते. डेन्व्हर टांकसाळीत एक डाय गरजेपेक्षा जास्त पॉलिश झाली आणि बायसनचा पुढचा एक पाय जवळजवळ नाहीसा झाला. हे तीन पायांचे नाणे महाग, म्हणून साध्या नाण्यावरचा पाय घासून काढणारे निघाले. पण खऱ्या नाण्यावर पोटाखालून जमिनीकडे जाणारी बारीक उठलेल्या ठिपक्यांची ओळ असते. पाय घासून काढता येतो, ते ठिपके घासून उगवत नाहीत. शिवाय घासलेल्या जागी सपाट भाग खोलगट होतो आणि एकाच दिशेच्या बारीक रेषा दिसतात.

एक अपवाद: तांब्याचा मुलामा दिलेल्या जस्ताच्या नाण्यांवर फोड येतात. ते उंच असतात आणि बहुतेकदा टांकसाळीतच तयार होतात, पण इतके सर्रास असतात की त्यांना कोणी विचारत नाही. फोडाची जागा सुईच्या मागच्या टोकाने अगदी हलके दाबली तर दबते, डायचा तडा दबत नाही. मात्र हा प्रयोग किमती वाटणाऱ्या नाण्यावर नको.

5. नाणे उलटा आणि तीच जागा पाहा

दोन्ही बाजू एकाच ठोक्यात उमटतात, त्यामुळे खऱ्या चुकीचे पडसाद बहुधा मागेही असतात. डायचा तुकडा तुटून फुगवटा आला असेल तर त्या जागेच्या बरोबर मागे छाप कमजोर असतो, कारण धातू पोकळीकडे वळला आणि मागचा साचा भरला नाही. चिकटवलेल्या किंवा वितळून पडलेल्या थेंबामागे मात्र अक्षरे ठणठणीत असतात.

केंद्र सोडून छापलेल्या नाण्यात चकती पूर्ण बसलेली नसते, म्हणून दोन्ही बाजू एकाच दिशेला सरकलेल्या हव्यात. उरलेल्या कोऱ्या भागावर चकतीची मूळ उचललेली किनार दिसायला हवी आणि उमटलेली अक्षरे धारदार हवीत. एकच बाजू जराशी सरकलेली आणि दुसरी व्यवस्थित असेल तर लगेच नकली म्हणू नका. वरची डाय किंचित सरकून बसली की असे होते. चूक खरी, पण किरकोळ.

आता सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार. एका नाण्यावर दुसरे ठेवून दोन्ही पकडीत आवळली की पहिल्यावर दुसऱ्याची उलटी, खोल प्रतिमा उमटते. प्रेसमध्येही असे काहीसे घडते: आधीचे नाणे डायला चिकटून राहते आणि पुढची कोरी चकती त्यावर ठोकली जाते. या चुकीला ब्रोकेज म्हणतात. फरक असा की ब्रोकेजमध्ये चकती कोरी होती, म्हणून उलट्या प्रतिमेखाली दुसरे काही नसते. एका बाजूला सरळ छाप आणि दुसऱ्या बाजूला त्याच छापाची आरशातली खोल प्रतिमा, एवढेच. पकडीतल्या नाण्यावर उलट्या अक्षरांखाली मूळ आकृती चपटी होऊन पडलेली दिसते, आणि मागच्या बाजूचे उंच भागही दबून चकचकीत झालेले असतात.

दोन डाय मधे चकती नसताना एकमेकींवर आदळल्या तर पुढच्या नाण्यांवर दुसऱ्या बाजूच्या आकृतीची अंधुक बाह्यरेषा येते. ती आकृतीच्या अंगावर नव्हे, भोवतालच्या सपाट भागात दिसते, कारण डायचे सपाट भागच एकमेकांना भिडतात.

बाजूंच्या परस्पर दिशेबद्दल थोडक्यात. नाणे वर-खाली दोन बोटांत धरून उभ्या अक्षावर फिरवा. आजची भारतीय, ब्रिटिश आणि युरो नाणी सरळच दिसतात. अमेरिकन नाण्यांची मागची बाजू उलटी दिसते आणि ती तशीच असायला हवी. दर आठवड्याला कोणाला तरी हा '180 अंश फिरलेला दुर्मीळ नमुना' सापडतो. 10-15 अंशांपर्यंतचा फरकही सर्रास असतो.

6. कड वाचा

बहुतेक नवखे कड बघतच नाहीत, आणि नुकसानीचा पुरावा अर्ध्या वेळी तिथेच असतो.

कापलेली चकती: पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही आणि पंच आधीच्या भोकावर अंशतः पडला, की चकतीला चंद्रकोरीएवढा खाचा राहतो. असे नाणे पाहताना चार गोष्टी तपासा.

पहिली, खाच्याच्या बरोबर समोर, 180 अंशांवर, किनार कमजोर किंवा नाहीशी आहे का? किनार उचलणाऱ्या यंत्रात खाच्याच्या जागी दाब बसत नाही, म्हणून समोरच्या जागीही बसत नाही. संग्राहक याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. खूप लहान खाच्यात तो दिसेलच असे नाही, तेव्हा नुसत्या त्याच्या अभावावरून नाणे फेकू नका.

दुसरी, खाच्याजवळची अक्षरे. ठोक्याच्या वेळी तिथे धातूला अडवायला कॉलर नसते, म्हणून तो खाच्याकडे वाहतो. अक्षरे तिकडे ताणली जातात, फिकट होतात, किनार निमुळती होत विरते. नंतर कापलेल्या नाण्यात पूर्ण, खणखणीत अक्षर मध्येच कापलेले असते.

तिसरी, खाच्याची भिंत. कानशीच्या समांतर रेषा, करवतीचे दात, बाहेर वळलेला पापुद्रा किंवा बाकी नाण्यापेक्षा ताजा, उजळ धातू दिसला की काम नंतरचे.

चौथी, वजन. एक दशांश क्षेत्र गेले तर वजनही साधारण एक दशांशानेच कमी हवे.

पसरलेले नाणे: कॉलर न लागता ठोकलेल्या नाण्याची कड साधी, दाते नसलेली असते. मधली आकृती स्वच्छ आणि काठाजवळची अक्षरे बाहेरच्या दिशेने थोडी लांबलेली. चामडे किंवा लाकडात धरून हातोडीने ठोकलेल्या नाण्यातही सगळे मोठे झालेले दिसते, पण अक्षरांचे माथे चपटे, आकृती मऊ आणि चमक मेलेली असते.

कपडे वाळवायच्या यंत्रातले नाणे: गरगर फिरणाऱ्या ड्रमच्या फटीत अडकलेले नाणे महिनोन्‌महिने काठावर आपटत राहते. त्याची कड जाड होऊन आत वळते, व्यास कमी होतो आणि वळलेला धातू काठाजवळची अक्षरे झाकू लागतो. छान गोलाकार, सगळीकडे सारखे दिसते, म्हणून भल्याभल्यांना ते 'छोट्या चकतीवर छापलेले' वाटते. टांकसाळीतला कोणताही टप्पा किनार अशी गोल वळवत नाही.

किनारीला समांतर गोल, गुळगुळीत, चमकदार खोल पट्टी दिसली तर ती नाण्यांच्या गुंडाळ्या बांधणाऱ्या यंत्राची. ती कधी पूर्ण वर्तुळ असते, कधी चतकोर. किंमत शून्य.

7. दुहेरी अक्षरे: इथे घाई करू नका

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, कारण अक्षरे दुहेरी दिसण्याची निदान चार कारणे आहेत आणि त्यांतले खरे मोलाचे सहसा एकच असते.

*डबल्ड डाय.* डाय तयार करताना मूळ ठसा, म्हणजे हब, पूर्वी एकाहून जास्त वेळा दाबावा लागे. मधे डाय तापवून मऊ करत. दुसऱ्या वेळी ती किंचित फिरून बसली तर डायवरच दोन प्रतिमा उमटतात आणि तिच्यातून निघालेले प्रत्येक नाणे तसेच होते. 1955 चा फिलाडेल्फियाचा सेंट याचा सर्वांत गाजलेला नमुना: पुढच्या बाजूची तारीख आणि अक्षरे नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात, मागची बाजू साधी. अमेरिकन टांकसाळीने 1990 च्या दशकाच्या अखेरीस एकाच दाबात डाय बनवायला घेतली, त्यामुळे नंतरच्या नाण्यांत असे दुहेरीपण आढळले तरी ते बारीक आणि बहुधा मध्यभागाजवळ असते.

*ठोक्यानंतरचे घसटणे.* डाय सैल असेल तर ठोक्याच्या शेवटच्या क्षणी ती हलते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराचा काठ बाजूला दाबते. याला मेकॅनिकल डबलिंग म्हणतात. ते टांकसाळीत घडते खरे, पण त्याला मोल नाही, आणि 'दुहेरी' म्हणून दाखवली जाणारी बहुसंख्य नाणी हीच.

दोन्हींतला फरक भिंगाखाली असा दिसतो. तारखेतला 1 घ्या. डबल्ड डायमध्ये त्याच्या पायाच्या कोपऱ्यात दोन टोकांमध्ये व्ही आकाराची बारीक खाच असते. दोन्ही प्रतिमांना गोलाई असते, उंची जवळपास सारखी असते आणि एकूण अक्षर साध्या नाण्यातल्यापेक्षा रुंद असते. घसटलेल्या अक्षरात खाच नसते. मूळ 1 च्या एका अंगाला सपाट, बुटकी, आरशासारखी चमकणारी पायरी दिसते, आणि ती पायरी अक्षराच्याच धातूतून निघालेली असल्यामुळे उरलेला 1 बारीक होतो. म्हणून साधे नाणे शेजारी ठेवून अक्षराची एकूण रुंदी ताडून पाहा: वाढली असेल तर पुढे तपासा, तेवढीच किंवा कमी असेल तर थांबा.

*झिजलेली डाय.* लाखो ठोके खाल्लेल्या डायची अक्षरे किनारीकडे फुगतात, काठ अस्पष्ट होतात आणि सपाट भाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो. 1955 च्याच काही साध्या सेंटवर शेवटचा 5 असा दुहेरी दिसतो. वर सांगितलेल्या महागड्या नाण्याशी त्याचा संबंध नाही.

*दोनदा ठोकलेले नाणे.* चकती बाहेर न पडता पुन्हा ठोकली गेली तर फक्त तारीख नव्हे, अख्खी आकृती दुहेरी होते. पहिला छाप दुसऱ्याखाली चपटा होतो आणि बहुधा दोन्ही बाजूंवर खूण राहते.

फक्त एकाच नाण्याचा फोटो दाखवून 'डबल्ड डाय आहे का' असे विचारण्यापेक्षा त्या वर्षाच्या नोंदलेल्या डबल्ड डायच्या फोटोंशी जुळवा. एका डायची सगळी नाणी एकसारखी असतात, त्यामुळे दुहेरीपणाची दिशा, जाडी आणि जागा तंतोतंत जुळली पाहिजे. 'साधारण तसेच' म्हणजे नव्हे.

8. पुसट अक्षरे, पातळ नाणी, सोलपटे

डायच्या खाचेत तेल आणि धातूची पूड साचली की तेवढे अक्षर उमटत नाही. अशा जागी भोवतालचा सपाट भाग त्याच पातळीवर असतो, चमक अखंड असते आणि अक्षर हळूहळू विरते. घासून काढलेल्या अक्षराजागी खळगा, रेषा किंवा वेगळीच चमक असते.

आम्लात बुडवलेले नाणे पातळ आणि हलके होते. अक्षरे सगळीकडून सारखी बारीक होतात, पृष्ठभाग दाणेदार आणि निस्तेज होतो, कडेचे दाते विरघळतात, व्यासही किंचित घटतो. खरोखर पातळ चकतीवर छापलेले नाणे वेगळे असते: व्यास पूर्ण असतो, पण धातू कमी पडल्यामुळे डायचे खोल भाग भरत नाहीत आणि आकृतीचे सर्वांत उंच भाग कमजोर येतात.

पट्टीत अशुद्धी अडकली तर नाण्याचे सोलपट निघते. खालची जागा खडबडीत असते आणि पट्टी लाटल्याच्या समांतर रेषा तिच्यात दिसतात. टोच्याने खणलेला खड्डा गुळगुळीत आणि कडेला वरंबा असलेला असतो.

चमकेची परीक्षा फक्त न वापरलेल्या नाण्यांवर चालते. ठोक्याच्या वेळी धातू केंद्रातून बाहेर वाहतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे नाणे दिव्याखाली कलवले की प्रकाशाचे पट्टे फिरतात. संशयित जागेवरून पट्टा न तुटता गेला तर घटना ठोक्याच्या आधीची किंवा ठोक्याच्याच वेळची. तिथे पट्टा तुटला तर नंतरची.

9. जोडलेली नाणी

दोन्हीकडे मुखवटा असलेले नाणे जवळजवळ नेहमी जादूगारांसाठी बनवलेले असते. एक नाणे लेथवर आतून कोरतात आणि दुसरे घासून त्यात बसवतात. सांधा किनारीच्या आतल्या अंगाला, एकाच बाजूला लपलेला असतो. तिरप्या प्रकाशात किनारीच्या पायथ्याशी पूर्ण वर्तुळ फिरून पाहा.

चुकीच्या जोडीच्या डाय खरोखर एकत्र आल्याचीही उदाहरणे आहेत. ब्रिटनमध्ये 2008 साली 20 पेन्सची तारीख मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर हलवली आणि काही नाणी नव्या मागच्या व जुन्या पुढच्या डायने ठोकली गेली, म्हणून त्यांच्यावर तारीखच नाही. इथे दोन्ही डाय एकाच मूल्याच्या, एकाच मापाच्या होत्या. ज्या जोडीचे माप जुळत नाही तिथे संशय आधी घ्या.

दोन धातूंच्या नाण्यात गाभा आणि कडे ठोक्याच्या वेळीच एकमेकांत घट्ट बसतात. सांध्यावरून जाणारी आकृती त्यामुळे सलग असते. गाभा फिरलेला आहे आणि रेषा सांध्यावर तुटून पुढे दुसरीकडून सुरू होतात, असे दिसले तर गाभा काढून पुन्हा दाबला आहे. गाभा खरोखर सरकून ठोकला गेला असेल तर छाप नाण्याच्या जागेवरच असतो आणि सांध्याची रेषा त्याखालून वेडीवाकडी जाते.

10. नोंद आणि दुसरे मत

प्रत्येक संशयित नाण्यासाठी एवढे लिहा: मूल्य, वर्ष, टांकसाळीची खूण, तीन वजने, तीन व्यास, जाडी, चुंबक, कडेचा प्रकार आणि चुकीची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे, उदाहरणार्थ 'पुढची बाजू, 4 वाजता, उंच'. शेवटी तुमच्या मते ती चकतीची, डायची की ठोक्याची चूक आणि कोणत्या पुराव्यावरून. हा रकाना रिकामा राहिला तर नाणे 'अनिर्णित' पाकिटात.

जाणकाराला फोटो पाठवताना दोन्ही बाजू पूर्ण, कड वेगळी आणि संशयित जागा दोन वेगवेगळ्या दिशांच्या प्रकाशात द्या. शेजारी साधे नाणे ठेवा. फक्त जवळून काढलेला एक अक्षराचा फोटो पाठवला तर कोणीही प्रामाणिकपणे काही सांगू शकत नाही.

पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या प्रमाणन संस्थांकडे नाणे चूक म्हणून पाठवायचे असेल तर त्या वर्गाचे शुल्क आणि अर्जातला रकाना आधी वाचा. निकाल 'नुकसान' असा आला तरी केलेला खर्च जातोच. वाट पाहताना नाणे मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून सुटणारी रसायने कालांतराने हिरवट चिकट थर धरतात आणि धातू खातात. मायलर किंवा कडक, पीव्हीसी नसलेले आवरण घ्या.